सुईखालचे तांदूळ

मार्गळी महिना लागला की आमच्या गल्लीतले आवाज आधी बदलतात. पहाटे देवळाच्या भोंग्यावर पदं सुरू होतात, दारांपुढे सडे पडतात, आणि तळमजल्यावरच्या मामी कोलमची रांगोळी काढताना ठिपके चुकले की स्वतःलाच तमिळमध्ये रागावतात. तुपात परतलेल्या मिऱ्यांचा वास जिन्याने वर येतो. तो देवळातल्या पोंगलाचा, म्हणजे प्रसादाच्या खिचडीचा. आपले मार्गशीर्ष आणि पौष ह्या तमिळ महिन्याला दोन्ही बाजूंनी टेकलेले असतात. इथले लोक ह्या दिवसांना थंडी म्हणतात. रेवा, निहार, तुम्ही आजीला हसाल. तुमच्याकडे दारातला बर्फ फावड्याने ओढावा लागतो, आणि इथे आमचा वॉचमन माकडटोपीवर मफलर गुंडाळून यंदा फार गारठा आहे अशी माझ्याकडे तक्रार करतो. मी दरवर्षी हो म्हणते.

ह्याच दिवसांत माझा फोनही जास्त वाजतो. वर्षभर तुकडे जोडत बसलेल्या बायकांना आता आपली गोधडी पुरी करायची असते. कुणाची मुलं परदेशातून सुट्टीला यायची असतात, कुणाची जानेवारीत परत जायची असतात. शिवाय पाऊस ओसरलेला असतो, हवेतला ओलावा उतरतो आणि दोरा शहाण्यासारखा चालतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, इथल्या पावसाळ्यात, हाच दोरा तासातासाला रुसून बसतो. मशीन तेच, हात तेच. पण मार्गळीत सुई जशी चालते तशी बाकी वर्षभर चालत नाही, असं माझं मत आहे. तुमचे आबा असते तर म्हणाले असते, मत नको, मोजून दाखव.

निहारने मागच्या वेळी फोनवर विचारलं होतं, की हॉलमध्ये टेबलाशेजारी माझी गादी असायची तिथे ते लांबलचक काय आहे. त्याला तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, ते आता देते. त्याला लाँगआर्म मशीन म्हणतात. वेस्ट मांबलमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते ठेवायचं म्हणजे हॉल त्यालाच देऊन टाकावा लागतो. दोन टोकांना दोन लोखंडी घोडे, मध्ये लांब रूळ, आणि त्या रुळांवर ताणून धरलेली गोधडी: खाली अस्तर, मध्ये कापसाचा थर, वर जोडलेले तुकडे. साध्या शिलाई मशीनवर आपण कापड सरकवतो. इथे कापड जागच्या जागी असतं आणि मशीनच दोन मुठींनी धरून कापडावरून फिरवायचं. पाटीवर पेन्सिल फिरवावी तसं. वेल काढा, लाटा काढा, नाहीतर नुसत्या तिरक्या रेघा. एक पट्टा शिवून झाला की तो पलीकडच्या रुळावर गुंडाळायचा, पुढचा पट्टा ओढून घ्यायचा, वरचं कापड उचलून मधला थर हाताने सारखा करायचा, आणि पुन्हा सुरू.

हे मशीन मुळात एका कोरियन बाईंचं. त्यांचे यजमान श्रीपेरुंबुदूरच्या गाड्यांच्या कारखान्यात होते. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे शिकायला जायची. आम्हा दोघींचं इंग्रजी एकमेकींना अर्धंच कळायचं, आणि शिवणाला तेवढं पुरायचं. त्यांची बदली झाली तेव्हा मशीन माझ्याकडे आलं. आबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. जेवणाचं मोठं टेबल एकटीला कशाला हवं, म्हणून ते मी देऊन टाकलं आणि त्या जागी हे उभं केलं. एकटीने किती गोधड्या शिवणार? म्हणून मग भाड्याने द्यायला लागले. ज्या बाईला आपली गोधडी स्वतः शिवायची आहे, तिने यावं, आधी एक सकाळ माझ्याकडून शिकून घ्यावं, आणि मग दिवसभर मशीन तिचं.

माझे नियम आहेत आणि ते मी पहिल्याच दिवशी तोंडी सांगते. बत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईकडून तुम्ही वेगळी अपेक्षा करू नये. हाताला तेल नको. ओढणी कमरेला बांधायची. टाचण्या एकही राहता कामा नयेत. सुई तुटली तर तिचं टोक सापडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. आणि केसांतली फुलं काढून ठेवायची, कारण वाकून काम करताना मोगऱ्याची कळी कापडावर पडते आणि कळायच्या आत सुई तिच्यावरून जाते. पांढऱ्या कापडावर तो तपकिरी डाग कायमचा. म्हणून दाराशी मी एक खिळा ठोकून घेतला आहे. मार्गळीत त्या खिळ्यावर डिसेंबरच्या जांभळ्या फुलांचे गजरे लटकतात. संध्याकाळी जाताना शिवणारी बाई आणि तिच्या सोबत आलेल्या मैत्रिणी घाईत एकमेकींचे गजरे घालून जातात आणि दुसऱ्या दिवशी फोनवर त्याची भांडणं होतात.

ह्या मशीनची एक गंमत मला नंतर कळली. शिवणाऱ्या बाईला नजर सुईवरून हलवता येत नाही. त्यामुळे तिच्याशी बोलताना डोळ्याला डोळा भिडत नाही. आणि डोळ्याला डोळा भिडणार नसला की माणसं बरंच काही बोलून जातात. नवऱ्याची नोकरी, सासूचं दुखणं, मुलीने निवडलेला मुलगा, सगळं त्या एकसुरी घरघरीत मिसळून येतं. मी शेजारी खुर्चीवर बसून दोरा भरत असते. वर्गात बोलू नका म्हणण्यात माझं आयुष्य गेलं, आणि आता मी कान देऊन बसते.

यंदा मार्गळीचा पहिला कोलम पडला आणि मला गायत्री आणि तिची आई आठवली. तुम्ही दोघं डिसेंबरात येईनासे झालात, त्यानंतरच्या एका वर्षातली ही गोष्ट.

गायत्री अंबत्तूरच्या एका आयटी ऑफिसात होती. तीस-बत्तिशीची, कमी बोलणारी. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. ती माहेरी परत आली आणि काहीतरी हातात असावं म्हणून गोधड्या करायला लागली. सुट्टीच्या दिवशी लोकलने यायची, खांद्याला कापडाची पिशवी. त्या खिळ्याची तिला कधी गरज पडली नाही. त्या वर्षी तिला आयर्लंडमध्ये नोकरी मिळाली होती आणि जानेवारीतल्या पोंगल सणाच्या आधी तिथे हजर व्हायचं होतं. जायच्या आधी एक गोधडी पुरी करायची होती, सोबत न्यायला.

ती गोधडी तिच्या आईने, तुळजाबाईंनी, हाताने जोडली होती. ह्यांचं घराणं मूळ तंजावरचं मराठी. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली ही माणसं घरात जी मराठी बोलतात, ती ऐकताना मला आधी वाटायचं की कुणीतरी जुनी पोथी तमिळ चालीवर वाचतंय. 'झालं' नाही म्हणत, 'जालं' म्हणतात. तुळजाबाईंना माझी मराठी पुस्तकी वाटायची. तुम्ही बोलतां ते बातम्यांसारखं, असं त्या मला तोंडावर म्हणाल्या होत्या. आमच्या सूनबाई नाहीतर तुमची आई असं म्हणती तर मला राग आला असता.

गोधडीचे तुकडे सगळे घरातल्या साड्यांचे. मऊ झालेल्या सुंगुडी साड्या, ठिपक्याठिपक्यांच्या. एक काठ गायत्रीच्या शाळेच्या गॅदरिंगमधला. आणि अस्तराला गायत्रीच्या आजीचं नऊवारी, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. आजी म्हणजे तुळजाबाईंच्या सासूबाई. त्यांनी ते पेटीतून स्वतः काढून दिलं होतं.

तुळजाबाईंचा खांदा धरलेला, म्हणून मशीन गायत्री चालवणार आणि आई नुसती सोबत येणार, असं ठरलं होतं. पण हातावर हात ठेवून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग मी त्यांना मधला थर सारखा करायचं काम दिलं. नवा पट्टा ओढला की त्या वरचं कापड पापुद्र्यासारखं उचलायच्या आणि आतल्या कापसावरून पालथा हात फिरवायच्या. तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. असा हात मी कुणाला शिकवू शकले नसते.

दुसऱ्या दिवशी गायत्री खाली दुकानातून दोरा आणायला गेली, तेव्हा त्या माझ्याशी बोलल्या. त्यांना एकच गोष्ट खात होती. लेक एवढ्या लांब निघाली आहे आणि तिची ओटी भरता येत नाही.

तुमची आई इथून निघते तेव्हा तिच्या पदरात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि एक कापड घालतात, ते तुम्ही पाहिलं आहे. रेवाने एकदा विचारलं होतं की विमानात तांदूळ कशाला. ती ओटी. घरातून निघणाऱ्या मुलीने रिकाम्या पदराने जाऊ नये, भरलेल्या पदराने जावं आणि भरलेल्या पदराने परत यावं. पण नवरा गेलेल्या बाईची ओटी भरत नाहीत. कुठे लिहिलेलं नाही, कुणी कुणाला अडवतही नाही. फक्त तसं करत नाहीत. त्यातून गायत्रीची आजी. त्या स्वतः पंचविशीच्या आत विधवा झाल्या आणि तेव्हापासून त्यांनी सगळं पाळलं. दिवसभर त्या हॉलमध्ये बसलेल्या असतात, दार त्यांच्या समोर. त्या वाईट नाहीत, तुळजाबाई मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. नातीवर जीव टाकतात. पण जे आपल्याला कुणी दिलं नाही ते दुसरीला देतां येतं, हे त्यांस ठाऊकच नाही.

"लेकीस रित्या पदरानं धाडवत नाही मज," त्या म्हणाल्या.

 मी बॉबिन भरत राहिले. मग जिन्यात गायत्रीची चप्पल वाजली.

आज इतक्या दिवसांनी त्या हवेचा विचार करते, तर आधी उजेड आठवतो. मार्गळीतलं दुपारचं ऊन आमच्या हॉलमध्ये तिरकं येतं आणि मशीनच्या रुळावर पडतं, म्हणून भिंतीवर एक उजळ पट्टी हलते. खालून मांबलम स्टेशनाकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज. कुणाच्या तरी घरी संगीताचा क्लास. एक मुलगी एकच ओळ घोळवत बसलेली, आणि ती दर वेळी त्याच जागी अडखळायची. गायत्री त्या अडखळण्याची वाट पाहायची आणि ते आलं की जराशी हसायची. तिला हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

शेवटच्या शनिवारी अर्धी गोधडी व्हायची होती. मध्यावरचा पट्टा ओढून झाला आणि मी कॉफी करायला उठले. गायत्रीचे दंड भरून आले होते, ती माझ्यामागून आत आली. तुळजाबाई म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढं, मी थर सारखा करतें. आम्ही पेले घेऊन बाहेर आलो तेव्हा त्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. मी एरवी मशीन सुरू करण्याआधी एकदा स्वतः हात फिरवते. त्या दिवशी त्यांनी फिरवू दिला नाही. सगळं सारखं जालं आहे, आतां उगाच हलवूं नका, म्हणाल्या. कॉफी प्यायली. गायत्रीने मुठी धरल्या. वेल काढत काढत ती पट्ट्याच्या मधोमध आली आणि काडकन् आवाज झाला.

मशीन थांबलं. सुई मुळाशी तुटली होती. मी सवयीने ओरडले, "कुणी हलू नका," आणि लोहचुंबक आणायला वळले. तोवर गायत्रीने शिवण संपली होती तिथून वरचं कापड अलगद उचललं होतं.

आत कापसावर हळद लावलेले ओंजळभर तांदूळ पसरलेले होते. एक सुपारी. आणि एक हळकुंड, मधून चिरलेलं, त्यात सुईचं टोक रुतलेलं.

 पलीकडच्या घरातली मुलगी तिच्या ओळीवर पुन्हा अडखळली, पण ह्या वेळी गायत्री हसली नाही.

"अम्मा, हे काय?"

तुळजाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. तिकडेच बघत त्यांनी सांगितलं की घरी जमलं नसतं. गोधडीत घातली तर कुणास दिसणार नाही, तुजही नाही. रात्री अंगावर घेशील तेव्हां आपोआप पदरांत येईल.

गायत्रीने ते दाणे कापसावरून हळूहळू गोळा केले. आईची ओंजळ पुढे करायला लावून तिच्यात घातले. मला वाटलं ती आता रडेल, किंवा आईवर रागवेल. तिने दोन्ही केलं नाही.

"जाणार मी आहे, अम्मा," ती म्हणाली. "गोधडीची ओटी का भरतेस?"

तुळजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं. त्यांच्या भरल्या ओंजळीतून एकेक दाणा फरशीवर पडत होता आणि त्या परक्या घराच्या मालकिणीच्या तोंडाकडे बघत होत्या, ही काय म्हणते आता.

मी म्हटलं, "थांबा, नारळ आणते."

स्वयंपाकघरात नारळ होता, देवापुढे कुंकवाचा करंडा होता, आणि खणाची तर माझ्या घरात कधी वाण पडणार नव्हती; कपाटातून हिरवं सुती कापड काढून मी कात्रीने सरळ कापलं. हळकुंड नवीन दिलं. गायत्री पूर्वेकडे तोंड करून माझ्या दोरा भरायच्या खुर्चीवर बसली. कमरेला बांधलेली ओढणी तिने सोडली आणि मांडीवर पसरली. हळद लावून झाली. कुंकवाचं बोट तुळजाबाईंनी उचललं आणि ते हवेतच थांबलं. गायत्रीने मान पुढे करून कपाळ त्या बोटाला टेकवलं. मग तांदूळ, मग नारळ, मग खण. तुळजाबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होत्या, ते मला कळलं नाही. मराठी होतं की तमिळ तेही सांगता येणार नाही.

अशा वेळी मी काय करते ते तुम्हाला माहीत नाही, कारण मी ते कुणाला कळू देत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या मंडळातल्या बायका जमतात. करंडा माझ्या बाजूने फिरू लागला की मी दूध बघायला आत जाते. कुणी जा म्हणत नाही. मीच उठते, म्हणजे करंडा घेऊन आलेल्या बाईला अवघडायला होत नाही. आबा गेल्यापासून हे इतकं सवयीचं झालं आहे की पाय आपोआप वळतात. त्या दिवशीही वळले.

"कुठं चाललां?" तुळजाबाई म्हणाल्या. "पदर करा पुढं."

मी म्हटलं, मला नको.

"अर्धी ओंजळ उरली आहे. ती कुठं घालूं? परत गोधडीत?"

गायत्री ओटी सांभाळत मोठ्याने हसली. गॅसवर दूध नव्हतं. मी पदर पुढे केला. मूठभर तांदूळ ते, पण मला पदर दोन्ही हातांनी धरावा लागला.

मग नवी सुई लावली आणि गायत्रीने अंधार पडायच्या आत गोधडी संपवली. सुई तुटली तिथे आजीच्या नऊवारीला लहानसं भोक पडलं होतं. त्यावर तिने हिरव्या खणाचं एक ठिगळ हाताने लावलं. निघताना नारळाचा प्रश्न आला. इथेच ठेवायचा का घरी न्यायचा? गायत्रीने तो निर्णय आईवर सोडला. तुळजाबाईंनी जरा विचार केला आणि नारळ पिशवीत अगदी वर ठेवला. दिसला तर दिसला, म्हणाल्या. नंतर फोनवर मी विचारलं, तेव्हा कळलं की आजींनी नारळ पाहिला होता, त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या होत्या, आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं बरं की वाईट, तें मज अजून कळलं नाही, असं तुळजाबाई म्हणाल्या.

गायत्री आता तिथेच रमली आहे. ह्या आठवड्यात तिने फोटो पाठवला. राखाडी आकाशाची खिडकी, पलंगावर ती सुंगुडीची गोधडी, आणि ती अर्धी उलटून मुद्दाम दाखवलेला हिरवा तुकडा. खाली लिहिलं होतं, इथे खरीखुरी थंडी आहे. मी फोटो वॉचमनला दाखवला. त्याने मफलर घट्ट केला.

तुमच्यासाठीही मी एकेक गोधडी रुळावर चढवणार आहे, मार्गळी संपायच्या आत. रेवाने रंग कळवावेत. निहारने हत्ती मागितले आहेत; त्यांचे कान मला अजून जमत नाहीत.

आणि त्या दिवशीचे तांदूळ. ओटीत आलेले तांदूळ टाकायचे नसतात, ज्या बाईला मिळाले तिने शिजवून खायचे असतात. त्या दोघी घरी गेल्यावर मी माझ्या पदरातले डब्यात वेगळे ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी निवडले, धुतले; पाणी पिवळं झालं. एका माणसाला पुरेल इतकाच भात झाला. त्यावर साधं वरण, तूप आणि लिंबाची फोड घेतली आणि मशीनशेजारी त्याच खुर्चीवर बसून जेवले. एक शीतही उरू दिलं नाही.